युरोपात हॉटेल लाइन शिकायला जाताय? कॉलेजच्या आधी भाषेचं बघा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणाची मुलगी, कुणाचा भाचा, "तुमची ताई स्वित्झर्लंडला शिकून आलीय ना, तिला जरा विचारा कुठलं कॉलेज चांगलं". मी सगळ्यांशी बोलते, मला आवडतं बोलायला. कॉलेज, फी, व्हिसा, थंडीचे कपडे, व्हेज जेवण मिळतं का, सगळं विचारून होतं, पण तिथली भाषा किती यायला पाहिजे हे क्वचितच कुणी विचारतं. कारण ब्रोशरच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की शिक्षण संपूर्ण इंग्रजीत. ते खोटं नाहीये, वर्गात खरंच इंग्रजी चालतं. पण हॉटेलचं शिक्षण वर्गात अर्धंच होतं, उरलेलं अर्धं इंटर्नशिपला होतं, आणि तिथे पाहुणे, किचन, हाउसकीपिंग, स्टाफच्या जेवणाचं टेबल, सगळीकडे त्या गावची भाषा चालते. म्हणून यावेळी सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते, माझं, माझ्या मैत्रिणींचं आणि आमच्या मावसभावाचं.

माझं आधी सांगते. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री केली आणि ती करतानाच संध्याकाळी बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात जर्मन भाषेचे क्लास लावले. आईचा आग्रह होता, तिचं म्हणणं एक भाषा हातात असली की कुठेही पोट भरता येतं. मग स्वित्झर्लंडला पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा, सहा महिने कॉलेज आणि सहा महिने इंटर्नशिप, ल्युत्सर्नच्या बाजूला. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे त्या एका कॉलेजबद्दल नाहीये.

स्वित्झर्लंडच का, तर तिथे हा धंदा शिकवायची परंपराच फार जुनी. लोझानचं हॉटेल स्कूल १८९३ मध्ये सुरू झालं, तेव्हा आल्प्समध्ये इंग्रज पाहुण्यांची रीघ लागलेली आणि चांगला ट्रेन केलेला स्टाफ मिळेना, म्हणून हॉटेलवाल्यांनीच शाळा काढली. आजही तिथे मॅनेजमेंटच्या डिग्रीला आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी किचन आणि सर्व्हिसमधून जावंच लागतं, कुठल्या घरातून आलात याला काही किंमत नाही. ज्याच्या नावावर पॅरिस आणि लंडनची हॉटेलं उभी राहिली तो सेझार रिट्झ पण वाले प्रांतातल्या नीडरवाल्ड नावाच्या एवढ्याशा खेड्यातला, १८५० चा जन्म, घरात तेरावं अपत्य, आणि वेटरगिरी करत करतच वर गेला. आपल्याकडे अजून "हॉटेलात काम करायला एवढे पैसे घालवायचे?" असं तोंडावर विचारतात ना, तिथे कुणी विचारत नाही.

आमचं कॉलेज म्हणजे एक जुनं हॉटेलच होतं. तिकडे बरीचशी हॉटेल स्कूल अशीच आहेत, जुन्या हॉटेलांच्या इमारतीत, मोठा जिना, उंच छत, खिडकीतून तळं. सकाळी सूट घालून उभं राहायचं, बूट, नखं, केस, दाढी सगळं तपासलं जायचं. मग एका आठवड्यात आपण आपल्याच वर्गाला जेवण वाढायचं आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्याला. व्हिएतनाम, चीन, फिलिपिन्स, केरळ, पंजाब, सगळीकडची मुलं होती. थिअरी ठीकठाक होती, रेव्हेन्यू मॅनेजमेंट, म्हणजे मागणी बघून खोल्यांचे दर ठरवणं, ते सोडलं तर पुण्यात झालेलंच बरंचसं परत. खरी मजा प्रॅक्टिकलला. टेबलवरच्या शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत एकाचीही प्लेट उचलायची नाही ही साधी गोष्ट, पण आमच्या सरांनी ती अशी अंगात भिनवली की आता पुण्यात कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये मी खात असताना शेजारच्याची प्लेट उचलली की मला कसंतरीच होतं.

आणि मग इंटर्नशिप. मला मिळाली बर्नर ओबरलांडमध्ये, इंटरलाकेनच्या वरच्या अंगाला एका गावात, कुटुंबानेच चालवलेलं मध्यम आकाराचं हॉटेल. आधी काही आठवडे हाउसकीपिंग, मग ब्रेकफास्ट सर्व्हिस, मग रिसेप्शन, असं ठरलं होतं.

हाउसकीपिंगची मुख्य बाई, तिला तिकडे गुव्हर्नांत म्हणतात, ती पोर्तुगीज होती. स्विस हॉटेलांच्या हाउसकीपिंगमध्ये पोर्तुगीज बायका खूप. पहिल्या दिवशी तिने मला बाथरूम दाखवलं, मला वाटलं चकाचक आहे. तिने नळाच्या मागे बोट घातलं, शॉवरच्या काचेच्या खालच्या पट्टीवरून नख फिरवलं आणि पांढरी पावडर माझ्यासमोर धरली. तिकडच्या पाण्यात क्षार फार, ओली काच तशीच सोडली की दोन दिवसांत पांढरट थर बसतो. म्हणून आधी काच वायपरने वरून खाली ओढायची, मग कोरड्या फडक्याने कडा, मग नळ, मग नळाच्या मागची बाजू, आणि बाथरूममधून उलट पावली बाहेर यायचं म्हणजे फरशीवर स्वतःच्याच बुटाचे ठसे राहत नाहीत. ती खोली तपासायला आली की आधी पाहुण्याच्या जागी जाऊन बसायची, कमोडवर, खुर्चीत, पलंगाच्या कडेला, आणि तिथून जे दिसेल ते बघायची. उभ्याने न दिसणारी धूळ बसल्यावर दिसते. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं, आणि तिचं शिक्षण बहुतेक आठवीपर्यंतही झालेलं नसेल, पण माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या शिक्षकांमध्ये मी तिचं नाव घेते.

आता ती हे सगळं मला कुठल्या भाषेत सांगायची? मोडक्या जर्मनमध्ये. तिला इंग्रजी येत नव्हतं. मला जर्मन येत होतं म्हणून मी विचारू शकले, "का", "असं केलं तर", "हे केमिकल कुठे वापरायचं नाही". माझ्याबरोबर आमच्याच बॅचची केरळची मैत्रीण होती, सर्व्हिसमध्ये माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, कॉलेजात तिला सगळ्यात जास्त मार्क, तीन गरम प्लेट एका हातावर सहज घेऊन चालायची. तिला जर्मनचं एक वाक्य येत नव्हतं. मी ठरल्याप्रमाणे ब्रेकफास्टवरून रिसेप्शनला गेले आणि तिचा जवळजवळ सगळा काळ ब्रेकफास्टच्या मागच्या किचनमध्ये गेला, चीज कापणं, अंडी उकडणं, ट्रे भरणं, कटलरी पुसणं. कुणी तिच्याशी वाईट वागलं असं अजिबात नाही. मालकीणबाई स्पष्ट म्हणाल्या, आमचे हाफ बोर्डचे, म्हणजे ब्रेकफास्ट आणि रात्रीचं जेवण धरून खोली घेणारे पाहुणे म्हणजे बर्न, थून, सोलोथुर्नकडचे सत्तरीचे आजी-आजोबा, दरवर्षी येणारे, त्यांना संध्याकाळी वाइन कुठली घेऊ हे गप्पा मारत विचारायचं असतं, त्यांच्या टेबलवर मी हिला कशी उभी करू? त्यांचंही बरोबरच होतं. पण तिच्या बाबांनी घरावर कर्ज काढून तिला पाठवलं होतं, आणि कॉलेजने ऑफर लेटर देताना "तिथे जर्मन लागेल" असा एक शब्द काढला नव्हता. याचा मला आजही राग येतो.

तिला भाषा शेवटी शिकवली ती किचनमधल्या अण्णांनी. स्वित्झर्लंडमध्ये श्रीलंकेतले तमिळ लोक ऐंशीच्या दशकापासून निर्वासित म्हणून आले आणि त्यातले खूपसे हॉटेलांच्या किचनमध्ये लागले, भांडी घासण्यापासून सुरुवात करून स्वयंपाकी झालेले कितीतरी आहेत. आमचे अण्णा बर्नची बोली अशी बोलायचे की फोनवर ऐकलं तर तिथलेच शेतकरी वाटावेत. तमिळ आणि मल्याळम जवळजवळच्या असल्यामुळे ती दोघं गप्पा मारायची आणि मध्येच अण्णा तिला एकेक वाक्य द्यायचे. परत जाईपर्यंत ती टेबलवर जाऊन कॉफी विचारायला लागली होती. माझं पुस्तकी जर्मनही पहिले काही दिवस कामाला आलं नाही बरं का, कारण तिथे बोलतात ते स्विस जर्मन, ऐकायला फार वेगळं. पण तुम्ही शुद्ध जर्मनमध्ये विचारलं की लोक तुमच्यासाठी शुद्ध जर्मनमध्ये येतात.

पगाराबद्दल लिहिते कारण त्यावर एजंट लोक फार गोल गोल बोलतात. हॉटेल स्कूलच्या इंटर्नना किती पगार द्यायचा हे तिकडे हॉटेल-रेस्टॉरंट क्षेत्राच्या सामूहिक करारात ठरलेलं असतं, आमच्या वेळी महिन्याला बावीसशे-तेवीसशे फ्रँकच्या आसपास ग्रॉस, म्हणजे कपातीआधी. इथे घरच्यांना तो आकडा सांगितला की ते लगेच रुपयांत गुणाकार करतात आणि खूश होतात. पण हातात तेवढे येत नाहीत. हॉटेलमध्येच राहिलात आणि जेवलात तर सरकारी दराने खोलीचे ३४५ आणि जेवणाचे ६४५, म्हणजे ९९० फ्रँक तिथेच कापले जातात. मग पेन्शन, बेकारी विमा, अपघात विमा, हेल्थ इन्शुरन्स, टॅक्स. सगळं जाऊन हातात नऊशे-हजार फ्रँक उरतात, त्यात तुमचं वरचं सगळं भागतं, जपून राहिलात तर थोडी बचतही होते, पण त्यातून फी फिटेल असं कुणी सांगत असेल तर त्या माणसाकडून उठून या. कारण फी, नामांकित खाजगी कॉलेजची पूर्ण बॅचलर डिग्री दीड लाख फ्रँकच्या वर जाते आणि फ्रँक शंभर रुपयांच्या वर आहे. हिशोब तुम्हीच करा.

तासांचंही तसंच. करारात आठवड्याला ४२ तास, सीझनवर चालणाऱ्या हॉटेलला थोडे जास्त, आणि आठवड्यात दोन सुट्ट्या. मध्ये दुपारी दोन-तीन तासांचा ब्रेक, त्याला ते त्सिमरश्टुंडं म्हणतात, सकाळी ब्रेकफास्ट लंच, मग खोलीवर जाऊन पडायचं आणि संध्याकाळी परत युनिफॉर्म. दिवस खूप लांबलचक वाटतो पण भरतात ते तास साधारण नऊच. माझ्या एका मैत्रिणीच्या हॉटेलात, दुसऱ्या प्रांतात, तासांची नोंद नीट ठेवतच नव्हते आणि सीझनमध्ये कुणाला विचारायची सोयही नव्हती. तिने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या डायरीत आत-बाहेरच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. त्याच करारात असं आहे की मालकाने नोंद ठेवली नसेल तर कामगाराची स्वतःची नोंद पुरावा म्हणून धरली जाते. ती डायरी दाखवली आणि जाताना तिला जादा तासांचे पैसे मिळाले. जी मुलं जातायत त्यांनी हे नक्की करा, फोनमध्ये नाही, कागदावर, रोजच्या रोज.

मे-जूनमध्ये आमच्या भागात भारतीय ग्रुप यायला लागतात. युंगफ्राउयोख, ३,४५४ मीटरवरचं ते रेल्वे स्टेशन, ते बघितल्याशिवाय कुणाची युरोप ट्रिप पूर्ण होत नाही, आणि इंटरलाकेनमध्ये तर यश चोप्रांचा पुतळा उभा केलाय तिथल्या लोकांनी, २०१६ मध्ये, हिंदी सिनेमांमुळे एवढं पर्यटन वाढलं म्हणून. एकदा पहाटे मी रिसेप्शनला होते आणि एक काकू साडीवर स्वेटर घालून थर्मास घेऊन खाली आल्या, रात्रपाळीच्या मुलाला हाताने खुणा करून गरम पाणी मागत होत्या, आणि तो त्यांना बाथरूमच्या नळाला गरम पाणी येतं हे समजावत होता. मी म्हटलं, "काकू, प्यायला पाहिजे ना? द्या इकडे थर्मास." त्या थांबल्याच एकदम. "अगं बाई, मराठी आहेस होय! कुठली गं तू?" मग पाच मिनिटांत माझं गाव, आडनाव, लग्न झालंय का, सगळं झालं आणि जाताना हातात घरच्या शंकरपाळ्यांची पुडी. दुसऱ्या दिवसापासून मी मालकीणबाईंना सांगून ब्रेकफास्टच्या कोपऱ्यात उकळत्या पाण्याचं मशीन मोठं ठेवायला लावलं, लिहून लावलं मराठी, हिंदी, गुजरातीत. एवढ्याशा गोष्टीने सकाळची रिसेप्शनची गर्दी कमी झाली. तिकडे पाहुण्याची गरज ओळखणं म्हणजे काय यावर आम्हाला अख्खा एक विषय होता, पण ती काकूंकडून जास्त कळली.

टूरिझमचं शिक्षण मात्र वेगळं असतं आणि ते मी केलेलं नाही, साताऱ्याच्या माझ्या मैत्रिणीने केलंय, नेदरलँड्सला ब्रेडा इथे. तिचं म्हणणं की हॉटेलवाल्यांना पाहुणे हवे असतात आणि आम्हाला शिकवतात की पाहुणे किती झाले की पुरे म्हणायचं. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून एका दिवसासाठी येणाऱ्यांना गर्दीच्या दिवशी ५ युरो प्रवेश लावला, त्यावर त्यांच्या वर्गात कितीतरी दिवस वाद चालला होता, ५ युरोने कोण थांबणार आहे, आणि थांबवायचं नसेल तर मग पैसे कशाला. नेदरलँड्समध्येच किंडरडाइकला जुन्या १९ पवनचक्क्या आहेत, काहींमध्ये आजही कुटुंबं राहतात, आणि खिडकीत पर्यटक डोकावतात, तिथे जाऊन त्यांनी लोकांशी बोलायचा प्रोजेक्ट केला. प्रेझेंटेशनला तिने आपलं कास पठार घेतलं, फुलांच्या सीझनमध्ये ऑनलाइन बुकिंग, दिवसाला ठरावीकच माणसं, आजूबाजूच्या गावांचीच माणसं व्यवस्था बघतात. तिच्या प्राध्यापकांनी बराच वेळ प्रश्न विचारले म्हणे. मला हे ऐकून फार बरं वाटलं, आपण तिकडे फक्त घ्यायलाच जातो असं नाही. तिला त्रास झाला तो राहायच्या जागेचा, तिकडे विद्यार्थ्यांना खोल्याच मिळत नाहीत, सुरुवातीला ती कुणाच्या तरी सोफ्यावर राहत होती. आणि हो, रस्त्यावर सगळ्यांना इंग्रजी येतं, पण शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला जे एक वर्ष मिळतं त्यात पर्यटनाच्या बऱ्याच जागांना डच लागतं, हे तिला तेव्हा कळलं.

आता मावसभाऊ. हा सांगलीचा, घरची परिस्थिती साधी, स्वित्झर्लंडची फी शक्यच नव्हती. त्याने जर्मनीचा आउसबिल्डुंगचा रस्ता धरला आणि मी आता विचारणाऱ्या बहुतेकांना हाच सांगते. तीन वर्षांचं शिक्षण, हॉटेलशी करार होतो, काम तिथे आणि थिअरी सरकारी व्यावसायिक शाळेत. फी नाही, उलट पहिल्या वर्षापासून पगार, त्याला साधारण हजार युरो ग्रॉस मिळायचे आणि दरवर्षी वाढले. अट मोठी एकच, जर्मन बी वन लेव्हलपर्यंत, म्हणजे ए वन, ए टू आणि मग ही तिसरी पायरी. त्याने दीड-दोन वर्षं पुण्यात राहून, पार्ट टाइम काम करून ती परीक्षा काढली, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि प्रत्येकात ६० टक्के लागतात, त्याचा ऐकण्याचा भाग राहिला होता तो परत दिला. घरात सगळे म्हणायचे एवढा वेळ भाषेतच घालवतोय.

तो गेला ब्लॅक फॉरेस्टमध्ये. शाळा फिलिंगन-श्वेनिंगनला, काही आठवडे सलग शाळा आणि मग परत हॉटेल. दर आठवड्याला आपण काय काम केलं काय शिकलो याची वही लिहायची, तिच्यावर हॉटेलच्या ट्रेनरची सही, ती वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसताच येत नाही. आणि परीक्षेत पाहुण्याशी प्रत्यक्ष बोलून दाखवायचं असतं, तक्रार घेऊन आलेला पाहुणा, फॅमिलीसाठी खोली विचारणारा पाहुणा, जर्मनमध्ये. तो मला फोन करायचा, "ताई, तू पाहुणा हो", आणि मी कधी शाकाहारी पाहुणी व्हायचे कधी भांडकुदळ. एकटेपणा त्याला खूप जाणवला, हे लपवत नाही, गाव लहान, रविवारी सगळं बंद, बस तासाला एक, हिवाळ्यात साडेचार-पाचलाच अंधार. त्याला सावरलं ते गावच्या बँडने, त्याने तिथे ट्रम्पेट शिकायला घेतलं आणि त्या मंडळींनी त्याला आपलंसं केलं. ते तरी भाषेशिवाय कसं झालं असतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला, ब्लॅक फॉरेस्ट त्याच राज्यात येतं. त्या यादीत नर्स, ड्रायव्हरबरोबर वेटर, स्वयंपाकी, रिसेप्शनिस्ट, हाउसकीपिंग हेही होते. तेव्हा मला खूप पालकांचे फोन आले. मी सगळ्यांना एकच म्हटलं, सरकारी यादी कधी लागेल त्याची वाट बघत बसू नका, ए वनचा क्लास आजच लावा, तो कुठेही वाया जात नाही.

नंतरचंही सांगायला पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये शिकलात म्हणून तिथे नोकरी मिळेल असं धरून चालू नका, युरोपबाहेरच्या माणसाला घ्यायचं तर मालकाला आधी दाखवावं लागतं की स्विस किंवा युरोपियन माणूस मिळाला नाही, शिवाय परमिटचा कोटा असतो. आमच्या बॅचमधले बहुतेक भारतीय दुबई, दोहा, मालदीवला गेले, काही परत आले, मी परत आले आणि आता गोव्यात एका हॉटेलात हाउसकीपिंग बघते, जर्मन चार्टर विमानाचे पाहुणे आले की मला बोलावतात. केरळची मैत्रीण दोह्यात सर्व्हिस मॅनेजर आहे. मावसभावाचं आउसबिल्डुंग पूर्ण झालं आणि त्याला त्याच हॉटेलने रिसेप्शनला कायम केलं, तिथे शिकलेल्यांना दोन वर्षं नोकरी झाली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, त्याची तो तयारी करतोय.

पालकांना एवढंच सांगते की कॉलेजला ईमेल करून विचारा, गेल्या दोन वर्षांत भारतीय मुलांना इंटर्नशिप कुठल्या गावात, कुठल्या विभागात मिळाली, आणि भाषा येत नसलेल्यांना कुठे घातलं. नीट उत्तर देणारी कॉलेजं आहेत. जी टाळाटाळ करतात त्यांच्याकडे अ‍ॅडमिशन फी भरू नका. माझ्या आत्तेबहिणीच्या मुलीने असे सहा ईमेल पाठवलेत, दोन उत्तरं आलीत, आणि तोवर तिची ए टूची बॅच सुरू आहे.